नाथांचा हसता प्रपंच

वारकरी माउल्यांनो, फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की गावोगावच्या दिंड्या पैठणची वाट धरतात. डोक्यावर ऊन, पायाखाली फुफाटा आणि मनात घरच्या काळज्या. कुणाचे कर्ज फिटायचे आहे, कुणाची मुलगी लग्नाची आहे, कुणाचा मुलगा बापाशी धड बोलत नाही. अशी ही मंडळी नाथांच्या समाधीपुढे डोके टेकतात आणि डोळे पुसत उठतात. डोळे पुसावेत, त्यात वावगे काहीच नाही. पण ज्यांच्यापुढे आपण रडतो ते नाथमहाराज स्वतः मोठे हसरे होते, हे मात्र आपण विसरून जातो. प्रपंच म्हटला की कपाळाला आठी आणि परमार्थ म्हटला की सुतकी चेहरा, अशी आपली वाटणी झालेली आहे. नाथांच्या घरी ही वाटणीच नव्हती. म्हणून या खेपेस त्यांचे चरित्र आम्ही त्या एका अंगाने सांगणार आहोत. पोरे, पाहुणे, शेजारी आणि निंदक यांच्या गराड्यात राहून ह्या गृहस्थाला हसू कोठून येत होते, हे आपण पाहू.

नाथांचा जन्म पैठणास सन १५३३ च्या सुमारास झाला. घराणे भानुदासांचे. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती ज्यांनी परत पंढरीस आणली असे परंपरा सांगते, तेच हे भानुदास, नाथांचे पणजोबा. घरात अशी पुण्याई, पण बाळाच्या नशिबी आईबापांचे सुख नव्हते. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी, दोघेही लवकर गेली. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी नातवाला वाढवले. आता बघा, पोरके मूल दोन तऱ्हांनी मोठे होऊ शकते. जगाने माझे काढून घेतले, असे म्हणत ते कडू होते. नाहीतर जे मिळाले ते कुणीतरी आपणहून दिलेले आहे, हे त्याला लवकर कळते. आजीने भरवलेला घास हा हक्काचा नव्हे, मायेचा आहे, हे ज्याला लहानपणीच कळले त्याचे हात पुढे आयुष्यभर जोडलेलेच राहतात. नाथांचे तसे झाले.

लहान वयातच ते घर सोडून देवगिरीस गेले आणि जनार्दनस्वामींच्या पायाशी राहिले. जनार्दनस्वामी हे काही रानातले गोसावी नव्हेत. निजामशाहीतल्या त्या किल्ल्याचे ते अधिकारी होते. दिवसभर कारभार, हिशेब, शिपाईप्यादे, आणि त्यातच दत्तभक्ती. म्हणजे नाथांना गुरूही मिळाले ते नोकरीधंदा सांभाळणारे. त्यांनी शिष्याला गुहेत बसवले नाही, दफ्तरात बसवले.

तिथली एक गोष्ट आपल्याला पाठ आहे. हिशेबात एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्यापुढे बसले, वह्या उलटल्या, पालटल्या. उत्तररात्री चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळीच वाजवली. त्या आवाजाने स्वामी जागे झाले, आणि एका पैच्या चुकीचा एवढा आनंद होत असेल तर संसाराची चूक सापडल्यावर किती होईल, असे त्यांनी शिष्याला समजावले. कीर्तनकार येथे स्वामींच्या बोधावर थांबतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र त्या टाळीपाशी क्षणभर थांबू इच्छितो. रात्रभर जागून, डोळे लाल करून, ज्याला स्वतःची चूक सापडते तो सहसा चरफडतो. कुणी पाहिले तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघतो. नाथांनी टाळी वाजवली! आपल्याच चुकीकडे असे मोकळ्या मनाने बघता येणे, ही हसऱ्या माणसाची पहिली खूण आहे. ज्याला स्वतःला हसता येत नाही त्याने दुसऱ्याला हसू नये.

गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा झाली आणि गुरूंच्याच आज्ञेने गृहस्थाश्रमही झाला. गिरिजाबाई घरात आल्या. दोन मुली झाल्या, हरि हा मुलगा झाला. महाभारत ओवीत आणणारे मुक्तेश्वर हे नाथांचे मुलीकडून नातू. घरचा बाहेरचा व्यवहार उद्धव सांभाळी. पहाटे गोदास्नान, मग पूजा, पुराण, दुपारी अतिथीसह भोजन आणि रात्री कीर्तन, असा दिनक्रम. वाचायला हे सोपे वाटते. पण ज्या घरात रोज पाहुणा जेवतो त्या घराची चूल किती वेळा पेटते आणि भांडी किती वेळा घासावी लागतात, हे आमच्या माउल्यांना विचारावे. पावसाळी रात्री भिजून आलेल्या पाहुण्यांना शेकायला सर्पण नव्हते, तेव्हा नाथांनी आपला पलंग मोडून शेकोटी केली, असे परंपरा सांगते. आपल्या घरी असे झाले तर दुसऱ्या दिवशी केवढे रामायण होईल! नाथांच्या घरी ते झाले नाही, याचे निम्मे श्रेय आम्ही गिरिजाबाईंना देतो. नाथ शांतिब्रह्म म्हणून प्रसिद्ध झाले. ती शांती दोघांच्या भागीतली होती.

याचा पुरावा पाहा. गावातल्या काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाला गाठले आणि नाथांना राग आणून दाखवशील तर दोनशे रुपये देऊ, असे कबूल केले. बिचारा पैशाच्या अडचणीत होता. तो तडक नाथांच्या देवघरात गेला आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ रागावले नाहीत. भेटीला पुष्कळ येतात, पण इतक्या ओढीने कुणी आले नव्हते, असे म्हणून त्यांनी कौतुकच केले. मग पाने मांडली. गिरिजाबाई वाढायला वाकल्या तसा हा गडी त्यांच्या पाठीवर चढला. नाथांनी पत्नीला एवढेच सांगितले, की जपा, पाहुणा पडेल. आणि गिरिजाबाई काय म्हणाल्या? मुलाला पाठीवर घेऊन काम करायची मला सवय आहे, मी याला पडू देणार नाही, असे त्यांचे उत्तर. ब्राह्मण ओशाळून खाली उतरला, पायांवर पडला आणि पैजेची हकीकत सांगून बसला. त्यावर नाथ हळहळले. आधी सांगितले असतेस तर मी रागावून दाखवले असते, तुझे काम तरी झाले असते, असे त्यांनी त्याला सांगितले.

वाचकहो, या गोष्टीवर आपण हसतो, पण ती उलगडून बघावी. अपमान करायला आलेल्या माणसाची अडचण नाथांना आपल्या अपमानापेक्षा मोठी वाटली. विनोद त्यातून आपोआप झाला. त्या ब्राह्मणाची फजिती करणे त्यांच्या मनातही नव्हते. टवाळांचा विनोद आणि नाथांचा विनोद, दोन्ही एकाच प्रसंगात आहेत. टवाळांना हसण्यासाठी कुणीतरी खाली पडायला हवे होते. नाथांच्या घरी तर पाठीवर चढलेल्यालाही पडू द्यायचे नाही, अशी रीत!

दुसरी गोष्ट गोदावरीच्या वाटेवरची. नाथ स्नान करून येत आणि वाटेत बसलेला एक दांडगा माणूस त्यांच्या अंगावर थुंके. नाथ परत नदीवर जात. एके दिवशी हे एकशेआठ वेळा झाले असे सांगतात. शेवटी तोच थकला आणि क्षमा मागू लागला. तेव्हा नाथांनी त्याचे आभार मानले, की तुझ्यामुळे आज गोदामाईची एकशेआठ स्नाने घडली. आता काही शहाणे म्हणतात की हा भित्रेपणा झाला. भित्रा मनुष्य वाट बदलतो, बंधूंनो. नाथांनी वाट बदलली नाही. आणि मनात धुमसणारा मनुष्य आभार मानील, पण त्या आभाराला कुसळ असते. नाथांच्या आभाराला कुसळ नव्हते, म्हणून तर समोरचा विरघळला. काशीची कावड रामेश्वरास नेताना वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी ते गंगोदक पाजले, तेव्हाही हेच. सोबतचे हळहळले, यात्रा फुकट गेली म्हणाले. नाथांना मात्र वाटले की रामेश्वरच आपले चालणे वाचवायला अर्ध्या वाटेवर भेटायला आला. असे वाटणे हीच कृतज्ञता. जे ठरवले होते ते हुकले, तरी जे समोर आले तेच देणे मानायचे.

हा स्वभाव नाथांच्या भारुडांत भरभरून उतरला आहे. ज्ञान, वैराग्य, माया, ब्रह्म हे शब्द ऐकले की साधा माणूस कीर्तनातून हळूच उठतो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी गावच्या जत्रेतली, बाजारातली आणि चावडीवरची माणसेच रंगणात आणून उभी केली. वासुदेव आला, जोशी आला, गोंधळी आला, जागल्या आला, कोल्हाटीण आली, सासूने गांजलेली सून आली. विंचू चावल्याने एकच थयथयाट करणारा मनुष्य आला. लोक पोट धरून हसतात आणि मग कळते की हा विंचू कामक्रोधाचा आहे, आपल्यालाही तो कालच घरात चावला होता. दादल्याला कंटाळलेली बाई आली. फाटके लुगडे, मोडके घर, बेचव जेवण, असे आपले रडगाणे ती ठसक्यात सांगते, आणि बायाबापड्यांना ते आपल्याच घरचे वाटते. शेवटी तीच बाई सद्गुरूच्या पायाशी पोचते आणि रडगाण्याचे गाणे होते.

आणखी एक मौज अशी. देवगिरीच्या दफ्तरात जे शिकले तेही नाथांनी वाया जाऊ दिले नाही. सरकारी कागद जसे लिहीत, अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, तशाच घाटाची भारुडे त्यांनी रचली. शरीर हा मुलूख, कामक्रोध हे तिथले लुटारू अंमलदार, आणि जीव बिचारा हुजुरास अर्ज करतो आहे! फार्शी शब्दांनी भरलेली ती कारकुनी भाषा तेव्हाच्या श्रोत्यांना रोजच्या जाचाची ओळखीची होती. ज्या कागदाने छातीत धस्स व्हावे त्याच कागदाच्या रूपाने देवाची आठवण आली, तर त्या भीतीचे ओझे थोडे हलके होतेच. आणि प्रत्येक रचनेच्या शेवटी आपले नाव घालताना नाथांनी ते कधी एकटे घातले नाही. एका आणि जनार्दन ही जोडी त्यांनी हजारो ठिकाणी लिहिली. गुरूंचे उपकार एकदा मानून मोकळे व्हायचे, असे नाही. प्रत्येक सहीसोबत ते मानायचे.

असे असले तरी नाथांचे हसणे स्वस्तातले होते असे कुणी समजू नये. त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. पितरांच्या श्राद्धाचा स्वयंपाक चालला होता. गावकुसाबाहेरची उपाशी मंडळी वाटेने चालली होती. त्यांच्या नाकात तो वास गेला. असे अन्न आपल्याला कुठले, असे त्यांच्या तोंडून निघाले. नाथांनी ते ऐकले आणि त्या सर्वांना, बायकामुलांसह, बोलावून पोटभर जेवू घातले. निमंत्रित ब्राह्मणांनी बहिष्कार घातला. त्या काळी वाळीत पडणे म्हणजे काय, हे आज नीट कळायचे नाही. पाणी, अग्नी, सोयरीक, सगळेच थांबे. पुढे पितर स्वतः पानावर येऊन जेवले, असे परंपरा सांगते. पितर आले की नाही यावर वाद घालणारे घालोत. आम्हांला एवढे दिसते की पितर यायच्या आधी, जेवणारे जेवून गेल्यावर, बहिष्कार डोक्यावर असताना, त्या घरात नवराबायकोंनी पुन्हा चूल सारवली आणि पुन्हा स्वयंपाक केला. कृतज्ञता म्हणजे पितरांना नुसते पाणी सोडणे नव्हे. पितरांनी आपल्याला जेवू घातले, म्हणून आपण दुसऱ्याला जेवू घालायचे.

बाहेरचे सोसता येते हो. घरचे सोसणे कठीण. नाथांना खरा कस लागला तो पोटच्या मुलापाशी. हरिपंडित मोठे विद्वान झाले. बापाने प्राकृतात पुराण सांगावे, कुणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना रुचेना. ते रुसून काशीस निघून गेले. नाथ मुलाला आणायला गेले. मुलाने अटी घातल्या. पुराण संस्कृतातच सांगायचे आणि परान्न घ्यायचे नाही. ज्यांनी सबंध आयुष्य मराठीत ओतले, त्यांनी म्हातारपणी ह्या अटी मुकाट्याने कबूल केल्या आणि मुलाला घरी आणले. पैठणास संस्कृत पुराण सुरू झाले. श्रोते एकेक करून कमी झाले.

येथे, वाचकहो, नाथांचा विनोद आपल्याला कुठेच दिसत नाही. विंचवाला नाचवणाऱ्या आणि अंमलदारांची रेवडी उडवणाऱ्या ह्या माणसाला मुलाच्या पांडित्यावर एक भारुड रचणे काय जड होते? सारे पैठण हसले असते. पण मुलगा कायमचा गेला असता. नाथ गप्प राहिले. हसण्याची जागा कोणती आणि ओठ मिटण्याची कोणती, हे ज्याला कळते त्याचेच हसणे खरे. आपल्या घरांत नेमके उलटे होते. बाहेर साहेबापुढे, सावकारापुढे आपण तोंड मिटून असतो आणि घरी येऊन बायकोला, मुलाला, म्हाताऱ्या बापाला टोमणे मारतो, आणि त्याला थट्टा म्हणतो. नाथांची थट्टा चावडीवरच्या अंमलदारांसाठी होती. घरच्यांसाठी त्यांच्यापाशी फक्त वाट बघणे होते.

वाट बघण्याला फळ आले ते असे. एका गरीब बाईचा सहस्रभोजनाचा संकल्प होता आणि घरी एकाला जेवू घालण्यापुरतेच अन्न होते. तिने नाथांना बोलावले. परान्नाची अट होती म्हणून स्वयंपाक हरिपंडितांनी स्वतः केला. नाथ जेवले आणि उष्टे पान उचलायला मुलालाच सांगितले. हरिपंडितांनी पान उचलले तर खाली दुसरे पान. ते उचलले तर तिसरे. असे ते उचलत राहिले आणि हजार पाने भरली. बाईचा संकल्प पुरा झाला आणि पंडितांचा ताठाही उतरला. आम्हांला यातली गंमत अशी वाटते की देवाने विद्वानाला शिकवायला शास्त्रार्थ मांडला नाही, उष्टी काढायला लावली! पाठ मोडेपर्यंत वाकल्यावर बापाचे मोठेपण दिसले. त्यानंतर पैठणास पुराण पुन्हा मराठीत सुरू झाले.

अशा ह्या घरात राहून नाथांनी जे काम केले ते डोंगराएवढे आहे. रुक्मिणीस्वयंवर सन १५७१ मध्ये पुरे झाले. एकादश स्कंधावरची टीका, जिला आपण एकनाथी भागवत म्हणतो, ती सन १५७३ मध्ये काशीस पुरी झाली. १८ हजारांहून अधिक ओव्या. मराठीत लिहिले म्हणून काशीच्या पंडितांनी आधी डोळे वटारले आणि पुढे त्याच ग्रंथाचा गौरव केला, असे सांगतात. सन १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या गोळा करून लेखकांच्या हातून शिरलेले चुकीचे पाठ काढले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. एवढा मोठा कवी, पण माउलीच्या ग्रंथात त्यांनी आपली एकही ओवी मिसळली नाही, आणि पुढेही कुणी मिसळू नये असा धाक शेवटी घालून ठेवला. पैची चूक शोधणारा तो हिशेबनीस येथे पुन्हा दिसतो. दुसऱ्याचे धन जसेच्या तसे पुढच्या पिढीच्या पदरात घालायचे, हे कृतज्ञतेचे मोठे काम आहे.

आणि शेवटचा विनोद पुरणपोळीचा. गावबा नावाचा एक पोरगा पुरणपोळीशिवाय जेवत नसे. आई कंटाळली आणि नाथांच्या घरी आणून सोडून गेली. लोकांनी त्याला वेडा म्हटले. नाथांनी त्याला पुरणपोळी दिली. गुरुमंत्र देऊ गेले तर हा एकनाथ या नावाखेरीज दुसरे काही म्हणेना! नाथ भावार्थ रामायण लिहीत असता युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापाशी देह ठेवण्याची वेळ आली. पुढचे कोण लिहिणार? पंडित बसले होते, पण पुढचा ग्रंथ पुरा केला तो ह्या पुरणपोळीवाल्या गावबाने, असे परंपरा सांगते. आपल्या घरात ज्या पोराला आपण बिनकामाचा म्हणतो त्याच्याकडे एकवार नीट बघावे, एवढेच आम्ही म्हणतो.

सन १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींचे निर्याणही याच तिथीचे मानतात. म्हणजे जाण्याचा दिवसही त्यांना गुरूंपासूनच मिळाला. नाथांच्या ह्या कथा पुढे ताहराबादच्या महिपतींनी भक्तविजयात (सन १७६२) आणि भक्तलीलामृतात (सन १७७४) गुंफल्या, आणि आजही त्या फडाफडांवर सांगितल्या जातात. पैठणास आता गोदावरीवर मोठे धरण झाले आहे. सन १९६५ मध्ये त्याची पायाभरणी झाली, आणि त्या अफाट जलाशयाला लोकांनी नाव दिले तेही नाथसागर. ज्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने देवाने कावडीने पाणी भरले असे आपण मानतो, त्या घराच्या मालकाच्या नावाने आज हजारो शेतांना पाणी जाते. देव पाण्याचा हिशेब चुकता ठेवतो, असे म्हणावेसे वाटते.

तेव्हा माउल्यांनो, यंदा षष्ठीला गेलात तर नाथवाड्यातल्या रांजणात भाविक पाणी घालतात तसे आपणही घाला. आणि घरी परत आल्यावर दोन गोष्टींचा नेम धरून पाहा. रात्री निजताना दिवसभरातली आपली एक चूक आठवून मोकळेपणाने हसा, आणि ज्याने आपल्याला आज घास दिला, वाट दिली, किंवा नुसते सोसून घेतले, त्याचे नाव घेऊन हात जोडा. बहुतेक ते नाव शेजारी निजलेल्या माणसाचेच असेल. ते उद्या सकाळी त्याला सांगायला काही हरकत नाही. चहा थोडा गोड लागेल.

रामकृष्णहरि.